नेत्रशिबिरात तक्त्यासोबत दोन बोटंही दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागात भरलेल्या मोफत नेत्रतपासणी शिबिराची बातमी आपल्या अंकात आली. गोव्यातल्या माशेल, खांडोळा, बेतकी या पट्ट्यात गेली बावीस वर्षं मी पेपर टाकतो, त्यामुळे ती बातमी इथल्या घराघरांत मीच पोचवली. शिबिरालाही गेलो होतो. शाळेच्या वर्गात फळ्याशेजारी अक्षरांचा तक्ता लावला होता आणि समोर सहा मीटरवर खुर्ची. एक डोळा झाकून ओळी वाचायच्या, मग मोतीबिंदू आहे का ते बघायचं, गरज असली तर चष्मा. सगळे मनापासून राबत होते. म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून आणत होते, चहा देत होते. मीही खुर्चीवर बसलो आणि शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं वाचली. ‘नजर उत्तम’ म्हणून मला मोकळं केलं. उठून बाहेर पडताना माझा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला.

माझी डाव्या बाजूची अर्धी नजर गेलेली आहे. एका डोळ्याची नव्हे, दोन्ही डोळ्यांची. तक्त्यावर ती सापडत नाही. मला आधीच सापडलेली होती म्हणून ठीक, पण त्या दिवशी माझ्या मागच्या रांगेत अशी कोणी व्यक्ती असती तर तीही ‘नजर उत्तम’ ऐकून स्कूटरला किक मारून घरी गेली असती. म्हणून हे पत्र.

सुरुवात झाली ती गेल्या वर्षी चिखलकाल्याच्या दिवशी. देवकीकृष्णाच्या मैदानात पाऊस कोसळत होता, पोरं चिखलात लोळत होती, मी भाच्याचे कपडे धरून कडेला उभा होतो. अचानक डाव्या बाजूला रंगीत ठिपके दिसायला लागले. तांबडे, पिवळे, निरांजनातल्या ज्योतीएवढे, गोल. मिनिटभर लुकलुकले आणि गेले. पावसाचं पाणी डोळ्यात गेलं असेल, असं वाटलं. पुढच्या दोन महिन्यांत असं पाच-सहा वेळा झालं, दर वेळी डावीकडेच. एका दवाखान्यात दाखवलं. पहाटे चारला उपाशीपोटी उठतोस, जागरण होतं, ही अर्धशिशी, असं सांगून गोळ्या दिल्या. पुढे मेंदूच्या डॉक्टरांकडून कळलं की अर्धशिशीत दिसतात त्या बहुतेक वेळा नागमोडी, चमकत्या रेषा, आणि त्या पंधरा-वीस मिनिटं हळूहळू पसरत जातात. एकाच बाजूला गोल रंगीत ठिपके येऊन मिनिटा-दोन मिनिटांत विझत असतील, तर ती मेंदूच्या दृष्टीच्या भागात आलेली बारीकशी फिट असू शकते. मी शुद्धीवर होतो, हात-पाय झटकत नव्हतो, मग याला फिट कोण म्हणणार?

चवथीच्या दुसऱ्या रात्री आरत्या चालू होत्या. माझ्या गळ्यात घुमट हे मातीचं वाद्य होतं. डोक्याच्या मागच्या बाजूला कोणी नारळ फोडावा तशी कळ आली, मागोमाग उलटी. घरच्यांनी पित्त म्हटलं, मीही पित्तच म्हटलं, आणि तीन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहिलो. चवथीच्या गडबडीत इस्पितळात कोण जाणार? आज कोणी मला विचारलं तर मी हात जोडून सांगेन: आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी एका क्षणात उठली आणि वर उलटी झाली, तर आरती अर्धी टाकून १०८ला फोन करा. माझ्या मेंदूत त्या रात्री रक्त सांडलं होतं. थोडं सांडलं म्हणून मी आज पत्र लिहितो आहे.

चौथ्या दिवशी पुन्हा पेपर टाकायला लागलो. आठवडाभरात तक्रारी सुरू झाल्या. ‘पेपर आला नाही.’ ‘आजही नाही आला.’ बावीस वर्षांत माझ्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. मी वहीत घरांवर खुणा करत गेलो आणि एके दिवशी संध्याकाळी ती वही बघताना लक्षात आलं की तक्रारी सगळ्या रस्त्याच्या डाव्या हाताच्या घरांच्या. मी जाताना दोन्ही बाजूंना पेपर टाकत जातो आणि येताना दुसऱ्या वाटेने येतो. घरं तोंडपाठ आहेत, असं आपण म्हणतो, पण खरं तर डोळ्यांना खूण दिसली की हात आपोआप उठतो. कुणाचं तुळशीवृंदावन, कुणाचा निळा गेट, कुणाच्या बल्कांवावरचा, म्हणजे दारापुढच्या ओसरीवरचा, दिवा. डावीकडची खूण दिसायचीच नाही आणि हात उठायचाच नाही.

लोक मला विचारतात, डावीकडे काळं दिसतं का? नाही. तुमच्या डोक्याच्या मागे आत्ता काय आहे ते तुम्हाला काळं दिसतं का? काहीच दिसत नाही, आणि काही दिसत नाही याची चुकूनही जाणीव होत नाही. तसंच माझ्या डावीकडे आहे. जग तिथे संपतं आणि संपलेलं कळत नाही. म्हणूनच माणूस तक्रार करत नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट. बातमीतला बारीक मजकूर मला वाचता यायचा, मोठे मथळे चुकायचे. मधोमध थोडी नजर शाबूत आहे, बारीक शब्द तेवढ्यात मावतात, मोठा मथळा मावत नाही. ‘बेकायदा’ या शब्दातला ‘बे’ गळून नुसता ‘कायदा’ दिसायचा, ‘अपघात’चा ‘घात’ व्हायचा. ओळ संपली की पुढच्या ओळीची सुरुवात सापडेना. मला वाटलं, चाळिशी वाढली. फोंड्यातल्या एका दुकानात चष्म्याचा नंबर बदलला. महिन्याने पुन्हा बदलला. मग एका खाजगी दवाखान्यात डोळे तपासून घेतले, डोळ्याचं प्रेशर बघितलं, थेंब टाकून पडदाही बघितला आणि ‘डोळे ठणठणीत आहेत’ असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. डोळे ठणठणीतच होते. पण मी दारांवर आपटतो, हे सांगूनही पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही, याचं वाईट अजून वाटतं. त्याच आठवड्यात माशेलच्या बाजारात डावीकडे उभ्या असलेल्या एका पायलटच्या, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्याच्या, मोटारसायकलला मी घासलो. तो पायलट वीस वर्षांचा ओळखीचा. त्याने आरसा स्वतः दुरुस्त केला आणि मला विचारलं, ‘बरं आहे ना तुझं?’ तिथे गाडीच्या जागी एखादं मूल उभं असतं, तर? या विचाराने अजून झोप उडते.

शेवटी हे पकडलं ते खांडोळ्याच्या एका निवृत्त डॉक्टरांनी, तेही पेपर न मिळाल्यामुळे. चार दिवस पेपर नाही म्हणून ते पहाटे गेटवर येऊन उभे राहिले. मी त्यांच्यासमोरून निघून गेलो. त्यांनी हाक मारली तेव्हा थांबलो. ‘अरे, दोन्ही हात हलवत होतो मी, दिसलो नाही तुला?’ मी म्हटलं, ‘नाही, डॉक्टर.’ रागावतील असं वाटलं होतं, पण ते गप्प झाले. स्कूटर स्टँडला लावायला सांगितली, मला बल्कांवावरच्या सोप्यावर, म्हणजे बाकावर, बसवलं आणि स्वतः समोर स्टूल घेऊन बसले. आमच्या दोघांमध्ये हातभर अंतर.

‘डावा डोळा हाताने झाक. उजव्याने माझ्या नाकाकडे बघ. नाकावरून नजर हलवायची नाही.’ मग त्यांनी कडेला, आमच्या दोघांच्या मधोमध, बोटं धरली. ‘बोटां कितलीं?’ उजवीकडे वर दोन, उजवीकडे खाली एक, सगळं बरोबर सांगितलं. मग ते गप्पच राहिले. मी म्हटलं, ‘दाखवा ना.’ ते म्हणाले, ‘दाखवतोच आहे.’ डाव्या बाजूला त्यांची बोटं हलत होती आणि मला पत्ता नव्हता. बोट नाकाजवळ सरकत आलं तेव्हा एकदम हवेतून उगवल्यासारखं दिसलं. मग उजवा डोळा झाकून डाव्याने तेच केलं. उत्तर तेच. एकाच डोळ्यात बिघाड असता तर दुसऱ्याने दिसलं असतं. ते उठून माझ्या मागे आले आणि माझ्या डोक्याच्या मागच्या भागावर, उजवीकडे, बोट टेकवलं. ‘भानगड डोळ्यांत नाही. इथे आहे. आजच्या आज बांबोळीला, मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जायचं. आणि ही स्कूटर इथेच राहील.’

हे सगळं करायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. यंत्र नाही, वीज नाही, पैसा नाही.

बांबोळीला आधी सीटी स्कॅन, मग एमआरआय झाला. डोळ्यांच्या विभागात फील्ड टेस्ट झाली. यंत्राच्या वाडग्यासारख्या पांढऱ्या पोकळीत हनुवटी टेकवायची, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि कडेला ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मध्येच बराच वेळ काहीच चमकेना. यंत्र बंद पडलं असं समजून मी तिथल्या मुलीला विचारलं. यंत्र चालूच होतं. कागद बाहेर आला त्यावर दोन वर्तुळं होती, एकेका डोळ्याचं एकेक. दोन्हींचा डावा अर्धा भाग काळा, मधोमध सुरीने कापावा तसा.

रोगाचं नाव एव्हीएम, म्हणजे आर्टिरिओव्हेनस मालफॉर्मेशन. मेंदूच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं, पण मला ते आपल्या खाजन शेतीवरून नीट कळलं. नदीचं पाणी बांधातल्या मानशीतून, म्हणजे पाणी अडवायच्या दारातून, जोर मोडून, मापात आत येतं, म्हणून शेत टिकतं. शरीरात हृदयाकडून येणाऱ्या धमन्यांचं रक्त जोरात असतं. ते आधी केसाहून बारीक नळ्यांमध्ये पसरतं, तिथे त्याचा जोर मोडतो आणि मग ते शांतपणे शिरांमध्ये उतरतं. माझ्या मेंदूत एका जागी त्या बारीक नळ्या नाहीतच. धमन्या थेट शिरांना जोडलेल्या, त्यांचा सुपारीएवढा गुंता झालेला. शिरांच्या भिंती पातळ, त्यांना एवढा जोर सोसत नाही. बांध फुटावा तशी एखादी शीर फुटते. तंबाखू नाही, दारू नाही, रक्तदाब नाही. बहुतेकांत ही ठेवण जन्मापासूनची असते आणि चाळिशीपर्यंत कधीतरी डोकं वर काढते: रक्तस्राव, फिट किंवा डोकेदुखी होऊन. माझा गुंता मेंदूच्या मागच्या भागात, उजवीकडे आहे. तो भाग दोन्ही डोळ्यांकडून आलेलं डाव्या बाजूचं चित्र बघतो. म्हणून डोळे शाबूत आणि डावीकडचं जग गेलेलं.

बंगळूरूला निमहान्स या मेंदूच्या इस्पितळात मांडीतल्या धमनीतून बारीक नळी थेट मानेपर्यंत नेऊन, रंग सोडून मेंदूच्या नसांचे फोटो काढले. डोक्यात गरम लाट आल्यासारखं वाटतं, दुखत नाही. तिथल्या एका तरुण डॉक्टरांना मी गोव्याचा असल्याचं कळलं तेव्हा त्यांनी सांगितलं की जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा असा फोटो पहिल्यांदा काढला तो १९२७ साली, लिस्बनमध्ये, एगास मोनिझ नावाच्या पोर्तुगीज डॉक्टरने. माझे आजोबा तेव्हा पोर्तुगिजांच्याच राज्यात, इथे फोंडा महालात, सुपारी-नारळाच्या कुळागरात राबत होते. का कोण जाणे, त्या टेबलावर पडल्या पडल्या मला आजोबांची फार आठवण झाली.

उपचाराचे तीन मार्ग सांगितले: कवटी उघडून गुंता काढणं, नळीतून आत गोंदासारखं औषध सोडून तो बुजवणं किंवा किरणोपचार. कधी दोन एकत्र करावे लागतात. कधीच न फुटलेला गुंता असेल तर काही जणांना हात न लावता नुसतं लक्ष ठेवणंच बरं, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. वर्षाला शंभरातल्या दोन ते चार जणांचा फुटतो, एकदा फुटला की पुढच्या काळात धोका वाढतो. माझा फुटलेला होता, आकाराने लहान होता, म्हणून गॅमा नाइफ ठरलं. नाव सुरीचं, पण चिरफाड काही नाही. डोक्याला स्क्रूने चौकट पक्की बसवतात आणि कोबाल्टचे दोनशेच्या आसपास बारीक किरण वेगवेगळ्या दिशांनी एकाच जागी आणतात. दुसऱ्या दिवशी घरी. मात्र गुंता हळूहळू आक्रसून बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर फुटण्याची टांगती तलवार राहतेच. मला आता कुठे सहा महिने झाले आहेत. फिटच्या गोळ्या रोज दोन वेळा. खर्चासाठी गोवा सरकारच्या मेडिक्लेम योजनेचा आधार मिळाला, नाहीतर घरातलं सोनं गेलं असतं.

गेलेली नजर मात्र परत आली नाही. जी काही यायची ती बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच येते. मला एक सवय लावून घ्यायला शिकवलं आहे. कुठेही शिरताना आधी डोळे डावीकडे टोकापर्यंत न्यायचे, मग समोर बघायचं. वाचताना रकान्याच्या डाव्या कडेला लाल पट्टी ठेवतो. लाल दिसेपर्यंत डोळे मागे न्यायचे, तिथून ओळ सुरू. बायको आता माझ्या डाव्या हाताला चालते. जेवायला बसलो की ताटात डावीकडे वाढलेलं लोणचं, कोशिंबीर तशीच राहायची, तेव्हा ती न बोलता ताट फिरवून ठेवते. स्कूटर भाचा चालवतो, मी मागे बसून पेपर टाकतो. बाजारातली घरं पायी करतो. काही लोकांना हे सगळं नाटक वाटतं. ‘पेपर वाचतो आणि म्हणे दिसत नाही!’ असं एकाने तोंडावर म्हटलं. त्याला राग येण्याजोगं उत्तर मी दिलं नाही, सोप्यावर बसवून बोटं दाखवायला सांगितली.

आता मूळ मुद्दा. हा आजार दुर्मीळ आहे, प्रत्येक डोकेदुखीला घाबरू नये. पण अर्धी नजर जाण्याची इतर कारणं दुर्मीळ नाहीत. मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची गाठ अडकून झटका आला तर हेच होतं, आणि साखर, रक्तदाब आपल्या गोव्यात घराघरांत आहेत. मेंदूच्या तळाच्या ग्रंथीला गाठ आली तर दोन्ही बाहेरच्या बाजू जातात. काचबिंदू खूप वाढला तर कडा जातात आणि मधलं वाचन शेवटपर्यंत टिकतं. या सगळ्यांत तक्ता दगा देतो. बोटांच्या तपासणीत सगळं सापडतं असं नाही. सुरुवातीचा काचबिंदू तर सुटतोच, त्याला यंत्रच लागतं. पण माझ्यासारखा माणूस नक्की सापडतो.

म्हणून शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना, पंचायतींना विनंती: तक्त्याच्या शेजारी समोरासमोर दोन खुर्च्या मांडा आणि तिथे बोटं दाखवायला शिकवलेला एक माणूस बसवा. नर्सिंगच्या मुली हे एका दुपारी शिकतील. चष्म्याच्या दुकानदारांना विनंती: सहा महिन्यांत दोनदा नंबर बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला, एका बाजूला आपटता का, ओळीची सुरुवात हरवते का, एवढं विचारा. आणि वाहतूक खात्याला: लायसन्सच्या अर्जात माणसाने स्वतः लिहून द्यायचं असतं की पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट दिवसाउजेडी वाचता येते. मी आजही ती वाचून दाखवीन. तेवढ्यावर मला स्कूटर देऊ नका. कडेचं दिसतं का, हेही विचारा आणि तपासा.

आमच्या भागातलं पुढचं शिबिर दसऱ्याच्या आसपास आहे, असं ऐकतो. खांडोळ्याचे डॉक्टर तिथे सकाळभर बसायला तयार आहेत, मी त्यांना विचारून ठेवलं आहे. शिकणाऱ्यांना सराव करायला अर्धी नजर गेलेला माणूस हवा असेल, तर पेपर टाकून झाले की साडेसातनंतर मी मोकळा असतो.

आपला,
माशेल येथील एक वृत्तपत्र विक्रेता